तेवीस विहिरींचा माणूस

सगळं गाव पावसासाठी वर बघतं आणि माझे सासरे खाली बघतात. गेली एकतीस वर्षं त्यांचं हेच चाललंय. मी त्यांना मामंजी म्हणते, गाव त्यांना वाटीवाले आबा म्हणतं, आणि ज्याच्या पंपाला त्यांच्यामुळे कुलूप लागतं तो काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम ऐकायला साधं आहे. गावात तेवीस विहिरी. वर्षातून दोनदा, पाऊस सरल्यावर एकदा आणि थंडी सरता सरता एकदा, प्रत्येक विहिरीचं पाणी काठापासून किती खोल गेलंय ते मोजायचं. त्यातला थंडीनंतरचा आकडा महत्त्वाचा. गावाने मिळून एक नियम केलाय: त्या वेळी ज्याच्या विहिरीचं पाणी तीस फुटांपेक्षा खोल असेल, त्याने त्या वर्षी उन्हाळी पीक घ्यायचं नाही. हिरवा चारासुद्धा नाही. उरलेलं पाणी प्यायला. या नियमाला ना शिक्का ना सही. तो मामंजींच्या शब्दावर चालतो. ते म्हणाले तीस, की तीस.

त्यांचं हत्यार म्हणजे एक सुती दोर. फुटाफुटाला गाठ आणि टोकाला उपडी बांधलेली पितळी वाटी. वाटी पाण्याला टेकली की 'डुब्ब' असा आवाज येतो. मामंजी डोळे मिटून तो आवाज ऐकतात, काठाशी दोर चिमटीत धरतात आणि वर ओढत गाठी मोजतात. त्या वेळी आसपास कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा एका बाईला शिंक आली, तर वाटी पुन्हा पहिल्यापासून सोडली. शाळेच्या मास्तरांनी एकदा शहरातून नवी टेप आणली होती, पाण्याला लागली की लाल दिवा पेटणारी. मामंजींनी ती दोन विहिरींत सोडून बघितली आणि परत दिली. म्हणाले, "दिवा पेटतो हो, पण पाणी बोलत नाही." ती टेप शाळेच्या कपाटात पडून आहे.

मी तोंडाने फटकळ. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी सांगेलच. लग्न होऊन आले तेव्हा मला या माणसाचा फार राग यायचा. भाजी धुतलेलं पाणी मी मोरीत ओतलं, की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. बोलायचे काही नाहीत. नुसते मोरीकडे बघायचे. बोलले असते तर मी चार शब्द ऐकवले असते. गप्प माणसाशी भांडता येत नाही, हा माझ्यावर मोठाच अन्याय होता! शेवटी मीच ते पाणी परसातल्या लिंबाला घालायला लागले. मग एक दिवस पहिलं लिंबू माझ्या ताटाशेजारी ठेवून गेले. तेव्हापासून माझा राग जरा खोटाच असतो.

मोजणीला सासूबाई बरोबर असायच्या. हे गाठी मोजून आकडा म्हणायचे, त्या वहीत लिहायच्या. पण लिहिण्याआधी मोठ्याने परत म्हणायच्या, आणि पटला नाही तर सरळ सांगायच्या, "पुन्हा सोडा." हेही निमूट पुन्हा सोडायचे. गावाला दम देणारा माणूस बायकोपुढे असा मऊ. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, "बघा, शिका जरा वडिलांकडून." आमचे हे तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची चिमी तेव्हा पाच वर्षांची होती. पाऊस नुकताच सरला होता, विहिरी भरलेल्या. मी तिला शोधत गेले, तर ही विहिरीच्या बुटक्या कठड्यावर बसलेली. पाय आत सोडलेले, आणि आपल्या सावलीला हात करतेय. ओरडले असते तर दचकून पडली असती. हळूच मागून गेले आणि उचलली. आधी छातीशी धरलं, मग दोन धपाटे घातले, मग तिच्यापेक्षा मीच जास्त रडले.

दुसऱ्या दिवशी पाणी-समितीच्या बैठकीत मी जे तोंड सोडलं, ते गाव विसरलेलं नाही. "पाणी मोजता, माणसं कधी मोजणार?" असं सरळ विचारलं. महिन्याभरात गवंडी आले आणि बावीस विहिरींचे कठडे उंच झाले. तेविसावी विहीर हेकेखोर काकूंची. त्या म्हणाल्या, "माझ्या विहिरीत डोकावायची कुणाची छाती आहे? मी बसलेय ना राखायला!" तेवढी विहीर राहिली. गवंड्यांनी जुन्या कठड्यांवर विटा चढवल्या, आतबाहेर गिलावा केला, आणि भोवती भराव घालून ओटेही बांधले. मी मिरवत होते. माझ्या तोंडाचा गावाला एकदाचा उपयोग झाला होता.

कठडे बांधून झाले आणि पंधरा दिवसांत सासूबाई गेल्या. आजार नाही, काही नाही. सकाळी उठल्याच नाहीत.

त्या वर्षी थंडी सरता सरता मामंजी दोर घेऊन निघाले, तेव्हा वही माझ्या हातात आली. ते आकडा म्हणायचे, मी लिहायचे. परत म्हणून दाखवायचं मला सुचलं नाही. मला कुठे ठाऊक, की त्यात काही असतं. मला वाटायचं, नवराबायकोची एक लाडकी सवय असेल. ती आपण कशाला चालवायची?

त्या वर्षी नऊ विहिरी तीस फुटांपेक्षा खोल निघाल्या. त्यातली एक दूधकाकांची. एकतीस फूट.

दूधकाका म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे मित्र. दोघं एका बाकावर शिकले आणि एकाच दिवशी शाळा सोडली. दूधकाकांकडे दोन गाई होत्या, त्यांच्यावरच सगळं घर. आकडा ऐकून ते एवढंच म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे असणार." चारा केला नाही. उन्हाळ्याच्या मध्यावर दोन्ही गाई विकल्या. न्यायला गाडी आली तेव्हा ते घरात आत जाऊन बसले, बाहेर आलेच नाहीत, असं त्यांच्या घरच्या काकींनी मला सांगितलं. अजून सगळे त्यांना दूधकाका म्हणतात, पण आता चहापुरतं दूध तेच दुसरीकडून आणतात.

आता यंदाचं सांगते. थंडी सरत आली होती, मोजणी तोंडावर. जुन्या वहीला वाळवी लागली, म्हणून मी नवी वही घेऊन सगळे आकडे उतरवायला बसले. दुपारची वेळ, घरात शांतता. एका पानावर माझा हात थांबला. कठडे झाले त्या वर्षी बावीस विहिरींचं पाणी एकदम खाली गेलेलं. कुठे दीड फूट, कुठे दोन, कुठे अडीच. आणि हेकेखोर काकूंच्या विहिरीचं मात्र चक्क अर्धा फूट वर आलेलं! त्यांची विहीर आणि दूधकाकांची विहीर यांच्यात पन्नास पावलांचं अंतर. एकाच जमिनीचं पाणी एकीकडे चढतं आणि दुसरीकडे उतरतं? असं कसं होईल?

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी खाली गेलंच नव्हतं. काठ वर आला होता.

मामंजी वाटी जुन्या सवयीने काठावरून सोडत होते. पण तो काठ आता नवा होता. जितका कठडा उंच, तितका दोर जास्त. काकूंचा कठडा वाढला नाही, म्हणून तेवढाच आकडा खरा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कठडे कुणामुळे वाढले? माझ्यामुळे. आकडे कुणी लिहिले? मी.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो वही मिटून टाकायचा. कुणाला कळणार होतं? शिवाय नुकसान तरी काय? उलट पाणी वाचलं होतं. मागचे दोन उन्हाळे गावात पाण्याची ओरड झाली नव्हती. मी मनाशी असं सगळं पटवत आणलं, आणि मग दूधकाकांचा रिकामा गोठा डोळ्यांपुढे आला. एकतीसमधून कठडा वजा केला तर? तो फूटभरच वाढला असेल तर तीस. नियमाने चारा चालला असता की नसता, यावर वाद घालता आला असता. पण दोन फूट वाढला असेल, तर त्या गाई उगीच गेल्या होत्या. भरावामुळे बाहेरून काही कळत नव्हतं.

रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबांना नको सांगूस. मोडतील ते." मीही म्हटलं, नको. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण सकाळी मामंजी चहाला आले, दोर मांडीवर घेऊन एकेक गाठ बोटांनी तपासायला लागले, आणि मला ते बघवेना. इतक्या निगुतीने तपासत होते, आणि चूक दोरात नव्हतीच.

"मामंजी," मी म्हटलं, "एक बोलू का?"

"नाही म्हटलं तर थांबणार आहेस का?" ते हसले.

मी वही पुढे ठेवली आणि बोटाने दाखवत गेले. मामंजी एकेका आकड्यावर बोट ठेवत पानाच्या तळापर्यंत आले. चहावर साय धरली.

"तिने पकडलं असतं," शेवटी म्हणाले. सासूबाईंबद्दल बोलत होते. "म्हणाली असती, पुन्हा सोडा. त्या वर्षी मी विहिरीत बघितलंच नाही गं. नुसता आवाज ऐकत फिरलो. घरी यायचं नव्हतं मला. एक विहीर झाली की दुसरीकडे, बस्स. पुढं तेच अंगवळणी पडलं."

मला रडू आलं. "मामंजी, चूक माझी आहे. कठडे मी वाढवायला लावले."

"वेडी आहेस का? कठडे वाढले म्हणून लेकरं सुखरूप आहेत. वाटी मी सोडली." मग वही मिटून म्हणाले, "आज बैठक आहे ना?"

मी म्हटलं, निदान दूधकाकांना आधी घरी जाऊन एकटं भेटा. तर म्हणाले, "आकडा सगळ्यांसमोर सांगितला होता. चूक कोपऱ्यात कशी सांगू?" सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांना या गावात दुसरं काय होतं? शेत मुलाच्या हाती दिलेलं, बायको गेलेली. एक शब्द तेवढा होता, आणि तोच ते चव्हाट्यावर ठेवायला निघाले होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि हात धरून घरात कोंडून ठेवावंसंही वाटत होतं.

बैठक शाळेत असते. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. मामंजी फळ्यापाशी उभे राहिले आणि काहीही आडवळण न घेता सांगून टाकलं. "काठ वाढला, मी तो हिशेबात धरला नाही, बावीस विहिरींचे आकडे तीन वर्षं चुकले. कुणाचा एक उन्हाळा गेला असेल, कुणाचे दोन. दोष माझा."

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि जो गलका झाला, विचारू नका! एक जण म्हणाला, "म्हणजे आम्ही हात चोळत बसलो ते उगीच?" दुसरा म्हणाला, "आडात पाणी होतं आणि आबांच्या पोहऱ्यात आलं नाही!" यावर काही जण हसले. मी उठून त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी हसू गिळलं. मास्तर मधे पडले. म्हणाले, त्या वर्षी सगळ्यांनी उपसा केला असता तर पुढच्या कोरड्या वर्षी काय प्यायलो असतो? ते खरंच होतं. पण ज्याचं गेलं त्याला असलं खरं ऐकायचं नसतं.

दूधकाका शेवटच्या बाकावर होते. ते उठले तसा आवाज आपोआप कमी झाला.

"माझी किती होती त्या वर्षी?" त्यांनी विचारलं.

"एकतीस," मामंजी म्हणाले.

"आणि कठडा किती वाढलाय?"

"ते काढून बघावं लागेल. जुन्या काठाच्या पातळीला आतल्या बाजूला मी छिन्नीने रेघ मारून ठेवलेली असते. ती गिलाव्याखाली गेलीय."

दूधकाकांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. दाराशी थांबले नाहीत, मागे वळले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामंजी खडूच्या धुळीत तसेच उभे.

बैठकीत ठरलं की यंदाचा कुठलाही आकडा लावण्याआधी प्रत्येक विहिरीची जुनी रेघ शोधायची. कुठे दीड, कुठे अडीच, तेव्हा अंदाजाने वजाबाकी चालायची नाही. रेघा फक्त मामंजींना ठाऊक. त्यांनी विहिरीत वाकून गिलावा फोडायचा आणि कुणीतरी त्यांना मागून धरायचं. कोण धरणार, असं मास्तरांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमचे हे परगावी जाणार होते. एरवी आबा, आबा करत मागे फिरणारे सगळे अचानक बाकांवरची कोरीवकामं वाचायला लागले.

"मी धरेन," मी म्हटलं. "आणि नाव कशाला विचारताय, लिहून घ्या."

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. मी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ओरडले, चौथ्यांदा पाठवलं चिमीला. तिच्यासाठी दोन घास खाल्ले. आणि मला विचारलं, "तो फूटभरच वाढला असेल का गं?" मी म्हटलं, "असेल." दोघांनाही ठाऊक होतं की गवंडी एवढ्या हलक्या हाताचे नव्हते.

सकाळी छिन्नी, हातोडी आणि दोर घेऊन आम्ही निघालो. मी म्हटलं, हेकेखोर काकूंच्या पलीकडून सुरुवात करू, दूधकाकांची विहीर शेवटी ठेवू. मामंजी म्हणाले, "नको. आधी ती." त्यांचा सदरा पाठीवर घामाने ओला झाला होता, आणि हवा तर गार होती.

दूधकाका विहिरीपाशी उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. मामंजींकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "तू बाजूला हो, सूनबाई. तुला पेलायचे नाहीत ते."

खरं सांगते, मला बाजूला व्हायचं नव्हतं. या माणसाचा गोठा आमच्यामुळे रिकामा झाला होता, आणि आत तीस फूट खोल विहीर. पण मामंजींनी कठड्यावर पोट टेकवलं आणि डोकं, खांदे, छाती सगळं आत सोडलं. दूधकाकांनी त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि कठड्याला गुडघे रोवले.

आतून ठक ठक सुरू झाली. गिलाव्याचे तुकडे सुटून पाण्यात पडत होते. बराच वेळ काही सापडेना. मामंजी आणखी पुढे सरकले, पाय जमिनीवरून सुटले, आता सगळा भार दूधकाकांच्या हातांवर. मी दोर मोकळा करून हातात धरला. मग ठक ठक थांबली.

"सापडली," विहिरीतून आवाज आला. मी दोर आत सोडला. रेघेपासून काठापर्यंत त्यांनी तो ताणून धरला, बोटांनी चाचपला, पुन्हा चाचपला.

"दोन फूट," आतून म्हणाले. "वर तीन बोटं."

वजाबाकी करायला वही लागली नाही. दूधकाका हळूच म्हणाले, "म्हणजे एकोणतीससुद्धा नव्हतं."

मामंजी वर आले नाहीत. आम्हाला वाटलं, येतील आता. पण ते तसेच आत डोकं घालून राहिले आणि त्यांची पाठ हलायला लागली. सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस कुणासमोर रडला नव्हता. आता आमच्याकडे पाठ करून विहिरीत रडत होता, आणि विहीर ते सगळं मोठं करून वर पाठवत होती. मी पुढे झाले. दूधकाकांनी मानेनेच मला थांबवलं. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यात गुंतलेले, मनगटं लाल झालेली, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यांनी पट्ट्यावरची पकड आणखी आवळली आणि कठड्यावर वाकून आत म्हणाले, "रड, काय रडायचंय ते रडून घे. मी धरलंय."